मागच्या चाकाची घरघर

छत्रपती संभाजीनगरात एमएच-२० पाटीच्या मारुती ८०० अजून रस्त्यावर दिसतात, आणि त्यामागं एक सरळ कारण आहे. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज-४ चे प्रदूषण नियम लागू झाले, तेव्हा कंपनीनं त्या शहरांत ही गाडी विकणं थांबवलं. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या यादीत होती, मराठवाड्यातलं एकही शहर नव्हतं. त्यामुळे जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत ही गाडी इथं मिळत राहिली. या शेवटच्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आल्या आहेत. पंधरा वर्षं भरली की फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि राज्याचा पर्यावरण कर यांतून जावं लागतं. नूतनीकरणाचं शुल्कच १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झालं. या वयाच्या गाडीची एक ठरलेली तक्रार असते. चाळीस-पन्नासच्या वेगाला मागून घरघर सुरू होते, वेग वाढला की वाढते आणि गिअर न्यूट्रल केला तरी थांबत नाही. बहुतेक वेळा मागच्या चाकाचं बेअरिंग झिजलेलं असतं.

ते घराच्या अंगणात बदलावं की गॅरेजला द्यावं, यावर या शहरात दोन ठाम मतं ऐकू येतात, आणि दोन्हींमागं कारखान्याचा अनुभव असतो. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटो आली, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली, सुटे भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक इथंच वाढल्या, आणि खुद्द बेअरिंग बनवणाऱ्या एनआरबीचे कारखाने वाळूजला आणि जालन्याला आहेत. मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारी माणसं या शहरात घरोघर राहतात, आणि त्यांच्याच गल्लीत बेअरिंग घणाचे घाव घालून बसवलं जातं. पुढच्या संभाषणातले काका आणि पुतणी कुणी खरी माणसं नाहीत. काका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य काढलेले, पुतणी नुकती अभियांत्रिकी शिकलेली, असं समजावं. माझं मत पुतणीच्या बाजूचं आहे, पण काकांची एक अट मान्य केल्याशिवाय ते टिकत नाही, हेही आधीच सांगतो.

पुतणी : काका, घरी करण्यासारखं एखादं काम असेल तर ते हेच. ८०० ची ताकद पुढच्या चाकांना जाते. त्यामुळे पुढच्या बेअरिंगला हात घालायचा तर ड्राइव्ह शाफ्ट, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा सांधा, सगळं सोडवावं लागतं. मागं यातलं काहीच नाही. एक स्पिंडल, त्यावर ब्रेकचा ड्रम, ड्रमच्या पोटात दोन बॉल बेअरिंग, त्यांच्या मधे एक स्पेसर, आतल्या बाजूला ऑइल सील, बाहेर वॉशर, नट आणि धूळ अडवणारी टोपी. ड्रम हाच हब. ड्रम हातात आला की तो टेबलावर ठेवून निवांत काम करता येतं. शिवाय निदानही मागच्या चाकाचं सोपं. चाक उचललं, हँडब्रेक सोडला की ते मोकळं फिरतं, इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच नाही. एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. झिजलेल्या बेअरिंगची खरखर बोटांना स्पष्ट कळते.

काका : भाग कमी म्हणून काम सोपं होत नाही, बेटा. बेअरिंगमध्ये तर फारच थोडे भाग असतात. दोन रेस, म्हणजे आतलं आणि बाहेरचं कडं, मधे छर्रे, छर्ऱ्यांना अंतरावर ठेवणारी केज आणि सील. पण त्या रेसचं पोलाद कोणतं असतं? आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला ईएन-३१ म्हणतात त्या जातीचं, एक टक्क्याच्या आसपास कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असलेलं, रॉकवेल सी मापावर साठच्या पुढं कडक केलेलं. छर्रा आणि रेस एकमेकांना एका ठिपक्याएवढ्या जागेवर टेकतात आणि त्या कोपऱ्याचं सगळं ओझं तो ठिपका सोसतो. बारा इंची रिमच्या या छोट्या चाकाला एका किलोमीटरमागं सहाशेच्या आसपास फेरे घ्यावे लागतात. पन्नास हजार किलोमीटरला तीन कोटी फेरे झाले. त्या वाटेवर नखाला न लागणारा खड्डा पडला, तरी तीन कोटी वेळा त्यावरून जाणं आलं. हातोडीचा एक चुकीचा घाव असा खड्डा पाडायला पुरेसा आहे. नवं बेअरिंग दोन-तीन महिन्यांत पुन्हा गुणगुणायला लागलं की लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. अनेकदा माल अस्सल असतो आणि तो बसवतानाच मेलेला असतो.

काकांचं हे म्हणणं पूर्ण खरं आहे आणि साऱ्या वादाचा पाया तेच आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांनी काढलेला नाही, तो वेगळा आहे. घाव घातल्यानं बेअरिंग मरतं असं नाही. घावाचा जोर छर्ऱ्यांमधून गेला तर ते मरतं. बहुतेक बेअरिंगची एक रेस घट्ट बसवलेली असते आणि दुसरी तुलनेनं सैल. ८०० च्या मागच्या चाकात ड्रम फिरतो आणि स्पिंडल स्थिर असतं. म्हणून बाहेरची रेस ड्रममध्ये घट्ट आणि आतली रेस स्पिंडलवर हातानं सरकेल इतपत. अशा वेळी जोर फक्त बाहेरच्या रेसवर दिला, तर तो रेसमधून थेट ड्रमच्या भिंतीला भिडतो आणि छर्ऱ्यांना त्याची खबरही लागत नाही. तोच जोर आतल्या रेसवर दिला तर बाहेरच्या रेसपर्यंत पोचायला त्याला छर्ऱ्यांतूनच जावं लागतं, आणि प्रत्येक छर्रा आपल्या जागी एक खळगा पाडून ठेवतो. हा नियम घरी जितका लागू आहे तितकाच गॅरेजात लागू आहे. बाहेरच्या रेसच्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा जुन्या बेअरिंगचीच बाहेरची रेस मधे धरून दाब देणारा माणूस अंगणात असला तरी योग्य काम करतो. मधोमध घण मारणारा माणूस मोठ्या पाटीखाली उभा असला तरी चुकतोच.

पुतणी : आणि घणाची गरजच कमी करता येते, काका. ड्रमचं भोक पन्नास मिलिमीटरचं आहे असं हिशेबापुरतं धरू. बिडाचा ड्रम तीस अंशांवरून शंभर अंशांपर्यंत तापवला की ते भोक सुमारे साडेतीन शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. बेअरिंग फ्रीजरमध्ये उणे अठराला ठेवलं तर ते तीनेक शतांशानं आकसतं. म्हणजे दोन्ही मिळून साडेसहा शतांश मिळाले. घट्ट बसवणुकीत जो काही जादा व्यास ठेवलेला असतो तो बहुतेक वेळा यापेक्षा कमी असतो. बेअरिंग हाताच्या दाबानं आत उतरतं. उतरलं नाही तर पाइपच्या तुकड्यावर दोन-चार हलके ठोके पुरतात. यात हायड्रॉलिक प्रेस कुठं लागली? फ्रीजर आणि मोठं पातेलं तर प्रत्येक घरात असतं.

काका : हिशेब बरोबर आहे, पण तू पाणी विसरलीस. थंडगार पोलाद आपल्या जूनमधल्या हवेत काढलं की त्यावर क्षणात दव धरतं, आणि ओल ही बेअरिंगची वैरीण. बेअरिंग बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेव आणि अगदी बसवायच्या क्षणी फोड. ड्रम तापवलास तर आधी तो कोरडा पूस, आणि ब्रेकचे शू जिथं घासतात त्या पृष्ठभागाला ग्रीसचा बोटभर डागही लागू देऊ नकोस. सील असलेलं बेअरिंग तापवायचं नाही, आतलं ग्रीस आणि रबर दोन्ही जातं. ज्योतीनं तर काहीच तापवायचं नाही. आणि वेळ तुला काही सेकंदांचाच आहे. तिरकं बसलं तर तिथंच अडकेल, मग तू घाबरून हातोडी उचलशील. तेव्हा काय करणार ते आत्ताच ठरव.

पुतणी : थांबणार. सगळं थंड होऊ देणार, पाइपनं चारी बाजूंनी सारखं ठोकून बाहेर काढणार आणि दुसरं नवं बेअरिंग आणून पुन्हा पहिल्यापासून करणार. मला कुणाला पाच वाजता गाडी द्यायची नसते.

या शेवटच्या वाक्यात घरच्या कामाची खरी बाजू आहे, असं मला वाटतं. घरी केलं की पैसे वाचतात, असं नेहमी सांगितलं जातं. ते कारण लंगडं आहे. या कामाला लागणारा बरा टॉर्क रेंच अनेकदा बेअरिंगच्या संचापेक्षाही महाग पडतो. एका चाकाच्या हिशेबात घरचं काम स्वस्त नाही, हे सरळ मान्य करावं. घराकडे असतो तो वेळ, आणि या दुरुस्तीत वेळेची किंमत कुठं आहे ते ड्रम निघाल्यावर कळतं. जुन्या बेअरिंगची आतली रेस कधी कधी स्पिंडलवर स्वतःच फिरलेली असते. मग स्पिंडलवर निळसर झाक येते, कंगोरे पडतात, व्यास घटतो. त्यावर नवं बेअरिंग सैल बसतं. अशा वेळी स्पिंडल बदलणं हाच उपाय आहे, पण तो भाग मागवायला दोन दिवस लागतात, तोवर गॅरेजची जागा अडते आणि दुसऱ्या तीन गाड्या दारात उभ्या असतात. मग सेंटर पंचनं स्पिंडलवर ठिपके मारून किंवा पातळ पत्रीचा तुकडा गुंडाळून बेअरिंग ‘टाईट’ केलं जातं. ठिपक्यांची टोकं काही दिवसांत दबतात आणि रेस पुन्हा फिरू लागते. हे करणारा उस्ताद अडाणी नसतो, त्याचा दिवस किती गाड्या सुटल्या यावर चालतो. घरी काम करणारा माणूस ड्रम वर्तमानपत्रावर ठेवून आठवडाभर स्पिंडलची वाट पाहू शकतो. घरच्या बाजूनं माझ्या लेखी सर्वांत मोठा मुद्दा हा आहे.

काका : वेळ आहे म्हणतेस, तर त्या वेळेत गाडी कशावर उभी असणार ते सांग. मागच्या चाकाच्या कामात एक फास आहे, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. ड्रम काढायचा म्हणजे हँडब्रेक सोडलेला हवा. म्हणजे ज्या ब्रेकवर विसंबून तू गाडी उभी करतेस तो नेमका या कामात नसतो. त्यात गल्लीला उतार, जमिनीला पेव्हर ब्लॉक, आणि गाडीबरोबर मिळालेला जॅक, जो फक्त पंक्चरचं चाक बदलण्यापुरता बनवलेला. जॅक घसरला तर छर्ऱ्यांवरच्या खळग्यांची चर्चा करायला कुणी उरणार नाही.

पुतणी : म्हणूनच तिरप्या गल्लीत हे काम करायचंच नाही. सपाट काँक्रीट हवं, नसेल तर गॅरेजला द्यावं, यात माझा वाद नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये. ८०० मध्ये गिअर पुढच्याच चाकांना धरून ठेवतो, ही सोय इथं कामी येते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. जॅक फक्त उचलण्यापुरता, ओझं स्टँडवर. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या दाराखालच्या कडेखाली सरकवायचं, म्हणजे काही झालंच तर गाडी चाकावर बसेल. आणि मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचा, म्हणजे गाडी स्टँडवर असताना तिला हिसके द्यावे लागत नाहीत. कडक पोलादावर ठोकताना चष्मा हवाच, कारण ईएन-३१ चा कपचा उडाला तर डोळ्याकडे जाऊ शकतो. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यायचं.

सुरक्षिततेच्या आक्षेपाला याहून वेगळं उत्तर नाही. ही तयारी ज्याला जमत नाही त्यानं घरी हे काम करू नये. पण इथं ‘घरी करू नये’ आणि ‘अशा जागी करू नये’ यांत गल्लत होते. मातीच्या उतारावर टपरीबाहेर जॅकवर उचललेली गाडी आणि तिच्या खाली आडवा झालेला पोरगा हे दृश्य शहरात दुर्मीळ नाही. धोका जागेचा आहे, आणि तो दोन्हीकडे सारखाच मोजायला हवा. जबाबदारीचंही तसंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० सदोष गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला जबाबदार धरतं. नट मेस्त्रीनं आवळला की मालकानं, ही विचारणा त्यात पहिली नसते.

आता काकांची अट. ती नटाबद्दल आहे, आणि हा सगळा लेख त्या एका नटासाठी लिहिला असं कुणी म्हटलं तरी मला चालेल.

काका : आपल्या भागात चाकाच्या बेअरिंगचं ज्ञान बहुतेकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आणि जुन्या जीपवरून आलेलं. तिथं टेपर रोलर बेअरिंग असतात, समोरासमोर उभी. त्यांचा नट आधी आवळतात, चाक फिरवून रोलर जागेवर बसवतात, मग नट थोडा मागं घेतात आणि स्प्लिट पिन टाकतात. थोडी मोकळीक राहिलीच पाहिजे, नाहीतर बेअरिंग तापून जळतं. हात तसा तयार झालेला माणूस ८०० चा ड्रम बसवतो तेव्हाही नट सवयीनं पाव फेरा मागं घेतो. इथं तेच घातक. इथं दोन बॉल बेअरिंगच्या आतल्या रेसच्या मधे स्पेसर उभा आहे. नट आवळला की जोर वॉशर, रेस, स्पेसर, रेस असा सरळ जातो आणि स्पिंडलच्या खांद्यावर थांबतो. छर्ऱ्यांवर तो येतच नाही. म्हणून हा नट पूर्ण आवळायचा, मॅन्युअलमध्ये जितका टॉर्क दिलाय तितका. सैल ठेवलास तर आतली रेस स्पिंडलवर फिरायला लागेल आणि स्पिंडल खाईल. स्पेसर टाकायचा राहिला आणि नट आवळलास, तर दोन्ही रेस एकमेकींकडे ओढल्या जाऊन छर्रे चेंगरतील. नटाला कुलूप घालणारी स्प्लिट पिन असो की ठोकून वाकवलेली कड, जुनी पुन्हा वापरायची नाही. आणि अंदाजानं आवळायचं नाही. लांब पाना घेऊन वजन टाकलं म्हणजे झालं, हे माझ्यासमोर बोलायचं नाही. मोजणार असशील तर घरी कर. मोजणार नसशील तर गॅरेजला दे, पण तिथंही टॉर्क रेंच आहे का ते विचार.

पुतणी : मान्य. पण काका, मोजायचं तर आकडा हवा. तो कुठून आणायचा? वर्कशॉप मॅन्युअल सर्वसामान्य माणसाला मिळत नव्हतं, अजूनही सहज मिळत नाही.

हा प्रश्न काकांना उद्देशून असला तरी त्याचं उत्तर काकांकडे नाही, धोरणाकडे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची साधनं आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणानं मिळत नाही, हा त्या आदेशाचा गाभा होता. पुढं अपिलात काही कंपन्यांच्या दंडाची रक्कम कमी झाली, पण मूळ तक्रार खोटी ठरली नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. गाडीच्या एका नटाचा टॉर्क हे व्यापारी गुपित नाही. तो माहीत नसला तर उस्तादही अंदाज करतो आणि पुतणीही. दोघांच्या कामाचा दर्जा एकाच अडचणीमुळे घसरतो. म्हणून घरी दुरुस्ती करणाऱ्यांची मागणी ही छोट्या गॅरेजांचीही मागणी आहे, आणि या दोघांना एकमेकांचे विरोधक समजण्यात काही अर्थ नाही.

काका : पण पोटावर पाय येतोच ना? ज्यानं पोरवयात उस्तादाच्या हाताखाली गोटी पाना धरला त्याचं छोटं कामही घरोघर व्हायला लागलं, तर त्यानं काय करायचं?

पुतणी : काका, घरी हे काम करणारे किती असतील? आणि जे करतील त्यांनाही सगळं घरी करता येत नाही, करूही नये. ओम्नीच बघा. इंजिन ८०० चंच, पण ताकद मागच्या चाकांना. तिथं बेअरिंग हाफ शाफ्टवर बसतं, शाफ्ट फिरतो, म्हणून आतली रेस घट्ट, आणि तिच्या मागं दाबून बसवलेलं कडं. ते कडं कापून काढावं लागतं आणि नवं प्रेसवर चढवावं लागतं. आत गिअर ऑइल असतं, त्याचं सील वेगळं. ते काम मी अंगणात करणार नाही. शाफ्ट सोडवून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत प्रेस असलेल्या वर्कशॉपला नेईन. नव्या गाड्यांत सीलबंद हब येतं, काहींच्या सीलमध्येच एबीएसच्या सेन्सरसाठी चुंबकीय पट्टी असते आणि ते उलटं बसवलं तर सेन्सर आंधळा होतो. तिथं मी आधी वाचेन, मग ठरवेन.

घर की गॅरेज याचा निर्णय माणसाच्या हौसेवर किंवा आत्मविश्वासावर सोपवू नये, असं माझं म्हणणं आहे, आणि ओम्नीच्या उदाहरणानं ते स्पष्ट होतं. कुठली रेस घट्ट आहे, तिच्यावर आणि फक्त तिच्यावर जोर देता येतो का, आणि शेवटचा नट मोजून आवळता येतो का, यावर तो ठरावा. टॉर्कचा आकडा हाती असेल तर ८०० च्या मागच्या चाकाला तिन्ही उत्तरं घरात मिळतात. ओम्नीला मिळत नाहीत. एकाच कंपनीच्या, एकाच इंजिनाच्या, एकाच पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांबद्दल उलट सल्ला द्यावा लागतो. ‘घरी कधीच करू नये’ आणि ‘घरी सगळं होतं’ ही दोन्ही वाक्यं त्यामुळेच निरुपयोगी आहेत.

मालाच्या खरेपणाचा आक्षेप काका सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. बनावट बेअरिंग ही जगभरची अडचण आहे. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनांची मिळून असलेली जागतिक बेअरिंग संघटना त्याविरुद्ध मोहीम चालवते, आणि खोक्यावरचा कोड तपासायला मोबाइल ॲपही निघालं आहे. पण इथंही घरी करणाऱ्याचं पारडं थोडं जड आहे. तो खोकं स्वतःच्या हातानं उघडतो, अधिकृत विक्रेत्याची पावती घेतो आणि जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक नव्याशी ताडून पाहतो. गाडी गॅरेजला देणाऱ्याला संध्याकाळी फक्त बंद चाक दिसतं. मेस्त्री प्रामाणिक असला तरी तपासायची संधी ग्राहकाच्या हातून गेलेली असते. किमान जुना भाग मागून घ्यावा. त्यावरून पुष्कळ कळतं. रेसवर सारख्या अंतरावर खळगे असतील तर मागच्या वेळी बसवताना चूक झाली होती. तांबूस गंज असेल तर सीलमधून पाणी शिरलं. वॉशिंग सेंटरला जोराच्या फवाऱ्याचं तोंड थेट हबवर धरलं तर हे लवकर होतं. एका बाजूला पापुद्रे सुटले असतील तर ते साधं म्हातारपण, किंवा मागच्या सीटवर नेहमी ठासून भरलेलं ओझं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचं अपेक्षित आयुष्य आठवा हिस्सा उरतं, म्हणून सामानानं लादलेल्या गाडीत मागची बेअरिंग लवकर जातात.

पुतणी : एवढं करून गाडी रस्त्यावर आणली आणि घरघर तशीच राहिली तर?

काका : मग निदान चुकलं. ते आधीच पक्कं करायला हवं होतं. समृद्धी महामार्गावर माळीवाड्याला किंवा सावंगीला चढलं की काँक्रीटवर प्रत्येक टायर गुणगुणतो आणि ज्याला त्याला बेअरिंगची शंका येते. आधी डांबरावर ऐक. डावीकडं लांब वळण घेताना ओझं उजवीकडं जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, घटला तर डाव्याचा संशय. मग पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं लाव. आवाज टायरबरोबर पुढं गेला तर दोष टायरचा, बेअरिंगला हात लावायचं कारण नाही. टायर असमान झिजले की हुबेहूब तसाच आवाज करतात, आणि त्यापायी कित्येक चांगली बेअरिंग फेकली गेली आहेत.

पुतणी : आणि बदलल्यानंतर?

काका : पहिले पाच-सात किलोमीटर गल्लीबोळातून, मग थांबून ड्रमच्या मधोमध हात लाव. दोन्ही बाजूंची ऊब सारखी हवी. एकीकडं हात ठेववत नसेल तर तसंच पुढं जायचं नाही, उघडायचं. चाकाचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा तपास. पन्नासेक किलोमीटरनंतर चाक उचलून वरखाली धरून हलव. प्ले असता कामा नये. हे झाल्याशिवाय समृद्धीवर न्यायची नाही. ऐंशीच्या वेगाला हे छोटं चाक मिनिटाला आठशेवर फेरे घेतं, तिथं शंका घेऊन जाऊ नये.

पुतणी : दुसऱ्या बाजूचंही बरोबरच बदलू का? सगळे तसंच सांगतात.

काका : ब्रेक शू जोडीनं बदलतात, कारण एक बाजू जास्त धरली तर गाडी ओढते. बेअरिंगचं तसं नाही. एक नवं आणि एक जुनं असल्यानं गाडी ओढत नाही. दुसरं चाक उचल, फिरव, स्प्रिंगवर हात ठेव. गुळगुळीत असेल तर त्याला हात लावू नकोस. काढलं की ते वाया गेलंच, कारण ड्रममधून काढताना जोर आतल्या रेसवर पडतो. खरखर असेल तर पुढच्या रविवारी ते कर, आणि तेव्हा मला बोलाव. टॉर्क रेंचचा आकडा मी वाचतो.

पुतणी : या रविवारी पण या. पहिला नट तुमच्यासमोर आवळायचाय.

काका : येतो. स्पेसर आधी टेबलावर वेगळा काढून ठेव, मला पहिल्यांदा तो बघायचाय.